विश्लेषण : रेकॉर्डिंगसाठी दुसरा गिटार ॲम्प कसा निवडावा? मोठा की वेगळा?

रॉक संगीताच्या अनेक ध्वनिमुद्रणांत गिटार भिंतीसारखी उभी राहते. ऐकणाऱ्याला ती एकच, अवाढव्य गिटार वाटते. प्रत्यक्षात तिथे दोन-तीन, कधी त्याहूनही अधिक आवाजांचे थर एकमेकांवर बसवलेले असतात आणि ते बऱ्याचदा वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरमधून आलेले असतात. पूर्वी यासाठी मोठा स्टुडिओ लागे. आता घरच्या संगणकावरही असे थर रचता येतात. त्यामुळे एक ॲम्प हाताशी असलेल्या गिटारवादकापुढे प्रश्न येतो, की दुसरा कोणता घ्यावा? बहुतेकांचा कल पहिल्यापेक्षा मोठ्या, अधिक वॉटच्या किंवा त्याच जातीच्या महाग ॲम्पकडे असतो. थर रचण्यासाठी मात्र हा निर्णय अनेकदा चुकीचा ठरतो आणि खर्च होऊनही आवाज होता तिथेच राहतो. असे का होते आणि निवड कशी करावी, याचा आढावा.

एका गिटारला दोन ॲम्प कशासाठी?

इलेक्ट्रिक गिटार हे अर्धेच वाद्य आहे. उरलेले अर्धे म्हणजे ॲम्प. तारेच्या कंपनाचा क्षीण विद्युतसंकेत ॲम्प केवळ मोठा करत नाही, तर त्याला आकार देतो. कोणती पट्टी पुढे आणायची, कोणती मागे ठेवायची, जोरात वाजवल्यावर आवाज किती आणि कसा फाटू द्यायचा, हे ॲम्पचे सर्किट, त्याच्या व्हॉल्व्ह, स्पीकर आणि स्पीकरचा खोका मिळून ठरवतात. गिटारचा स्पीकर घरातल्या संगीतसंचाच्या स्पीकरसारखा सर्व स्वर समान वाजवत नाही. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर तो झपाट्याने मंदावतो. म्हणजे प्रत्येक ॲम्प काहीतरी दाखवतो आणि काहीतरी झाकतो. दुसरा ॲम्प लागतो तो हे झाकलेले दाखवण्यासाठी.

थर रचण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लव्हर’ या ध्वनिमुद्रणात स्वतःच वाजवलेल्या आठ गिटारी एकावर एक चढवल्या होत्या. १९५१ मध्ये मेरी फोर्ड यांच्यासह केलेल्या ‘हाउ हाय द मून’ने हे तंत्र घराघरांत पोहोचवले. पुढे १९५७ मध्ये लेस पॉल यांनी ॲम्पेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचे टेपयंत्र बनवून घेतले. तेव्हा ट्रॅक मोजून वापरावे लागत. आज ते हवे तितके मिळतात. म्हणूनच किती थर चढवावे, यापेक्षा प्रत्येक थर कशासाठी, हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे.

एकच वादन दोन ॲम्पमधून की दोनदा वादन?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खरेदीपूर्वी त्यांतला फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिल्या पद्धतीत गिटारचा संकेत दुभागून एकाच वेळी दोन ॲम्पना दिला जातो. वादन एकच असल्याने दोन्ही आवाज एकजीव होतात आणि ऐकणाऱ्याला एकच, पण अधिक भरीव गिटार ऐकू येते. दुसऱ्या पद्धतीत तोच भाग दोनदा वाजवला जातो. दोन वादनांत वेळेचे, बोटांच्या दाबाचे, सुराचे अतिसूक्ष्म फरक राहतात. एक वादन डाव्या आणि दुसरे उजव्या बाजूला ठेवले, की रुंदी येते ती या फरकांमुळे.

‘निर्वाणा’च्या १९९१ मधील ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमचे निर्माते बुच व्हिग यांनी कर्ट कोबेन यांच्याकडून गिटार आणि गायन दोन्ही दुहेरी करून घेतले होते. कोबेन पुन्हा पुन्हा तेच करायला नाखूश होते, तेव्हा जॉन लेननही आपला आवाज दोनदा घेत असत, असे सांगून व्हिग यांनी त्यांचे मन वळवले. खुद्द लेनन यांनाही हा व्याप कंटाळवाणा वाटे. त्यातूनच १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील अभियंता केन टाउनसेंड यांनी टेपच्या साहाय्याने कृत्रिम दुहेरी आवाज काढण्याची युक्ती शोधली. ती गाजली, तरी खऱ्या दुसऱ्या वादनाची जागा तिने घेतली नाही.

याचा अर्थ सरळ आहे. हवी असलेली गोष्ट रुंदी असेल, तर आधी दुसरे वादन करून पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत. हवी असलेली गोष्ट पोत असेल, म्हणजे आवाजात जे मुळातच नाही ते आणायचे असेल, तरच दुसऱ्या ॲम्पचा विचार सुरू होतो.

‘क्वीन’चा भंगारातला ॲम्प काय सांगतो?

दुसऱ्या ॲम्पच्या निवडीचे बोलके उदाहरण ब्रिटिश बँड ‘क्वीन’चे आहे. पाचगणीच्या शाळेत शिकलेले फ्रेडी मर्क्युरी ज्या बँडचे गायक, त्याचे गिटारवादक ब्रायन मे. त्यांचा मुख्य ॲम्प व्हॉक्स कंपनीचा ‘एसी ३०’. मंचावर ते असे अनेक ॲम्प एका रांगेत लावत. पण स्टुडिओत गिटारींचा वाद्यवृंद रचायची वेळ आली, की त्यांच्या मदतीला दुसराच एक खोका येई.

‘क्वीन’चे बास गिटारवादक जॉन डीकन हे लंडनच्या चेल्सी महाविद्यालयाचे इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या डब्यात एक सर्किट बोर्ड सापडला. तो त्यांनी पुस्तकांच्या कपाटात मावेल अशा एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवला. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या या ॲम्पला आवाज कमी-जास्त करण्याचे बटणही नव्हते आणि त्याची ताकद एक वॉटही भरत नव्हती. ‘डीकी ॲम्प’ म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला. ‘क्वीन टू’ या १९७४ च्या अल्बममधील ‘प्रोसेशन’मध्ये आणि १९७५ च्या ‘गुड कंपनी’त, जिथे गिटारमधून क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनसारखे आवाज काढून जुना जॅझ बँड उभा केला आहे, तिथे याच खोक्याचा वापर झाला.

ताकद, किंमत, बांधणी यांपैकी कोणत्याच निकषावर हा ॲम्प ‘एसी ३०’च्या जवळपास येत नाही. तरीही तो दुसरा ॲम्प म्हणून अचूक ठरला, कारण त्याचा आवाज मऊ, दबलेला आणि व्हायोलिनसारखा लांबणारा होता. ‘एसी ३०’ला तो देता येत नव्हता. असे अनेक थर एकमेकांवर चढवले तरी ते भांडत नव्हते.

ॲम्पची ‘घराणी’ कोणती?

शास्त्रीय गायनात जशी घराणी, तशी गिटार ॲम्पचीही काही ओळखीची कुळे आहेत. बाजारात शेकडो मॉडेल असली, तरी बहुतेकांचे मूळ यांपैकी एकात सापडते.

पहिले फेंडरचे अमेरिकी घराणे. १९६३ मध्ये आलेला ‘ट्विन रिव्हर्ब’ हा त्याचा ठळक प्रतिनिधी. स्वच्छ, चमकदार आवाज. खालचा आणि वरचा भाग भरदार, मधली पट्टी काहीशी खोलगट. गायकाच्या आवाजाला जागा देणारा.

दुसरे मार्शलचे ब्रिटिश घराणे. १९६२-६३ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात ‘जेटीएम ४५’ हा ॲम्प तयार झाला. त्याचे सर्किट फेंडरच्या ‘बासमन’वरून जवळपास जसेच्या तसे घेतले होते. पण सुटे भाग ब्रिटनमध्ये मिळणारे, स्पीकर सेलेशन कंपनीचे आणि खोका पाठीमागून बंद. एवढ्या फरकाने आवाजाचा स्वभाव बदलला. मधली पट्टी पुढे आली, आवाजाला गुरगुर आली. हार्ड रॉकचा पाया याच आवाजावर उभा आहे.

तिसरे व्हॉक्सचे घराणे. १९५९ च्या सुमारास आलेला ‘एसी ३०’ ‘बीटल्स’मुळे जगभर पोहोचला. घंटेसारखी किणकिण, वरच्या मधल्या पट्टीत धार आणि हळूहळू फाटत जाणारा आवाज ही त्याची ओळख.

चौथे अधिक गेनचे आधुनिक घराणे. मेसा बुगी कंपनीचा १९९० च्या दशकातील ‘ड्युअल रेक्टिफायर’ त्यात अग्रभागी. खालचा भाग जाड, डिस्टॉर्शन दाट, मेटल संगीताला साजेसे.

पाचवे ट्रान्झिस्टरवर चालणारे घराणे. रोलंड कंपनीचा १९७५ मधील ‘जॅझ कोरस १२०’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. काचेसारखा स्वच्छ आवाज, जोरात वाजवला तरी सहसा न फाटणारा. व्हॉल्व्हचे ॲम्पच खरे, असे मानणारे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. थरांच्या कामात मात्र हीच स्वच्छता उपयोगी पडते.

पहिल्याला पूरक ॲम्प कसा ओळखायचा?

गणेशोत्सवातले ढोल-ताशा पथक हे इथे चांगले उदाहरण ठरेल. पथकात आणखी दहा ढोल वाढवले, तर दणका वाढेल. पण ताल दूरवर स्पष्ट ऐकू येतो तो ताशाच्या तडतडीमुळे. ताशा ढोलापेक्षा आकाराने लहान आहे, पण तो ढोलाच्या जागेत घुसत नाही. दुसरा ॲम्प ताशासारखा असावा.

त्यासाठी आधी पहिल्या ॲम्पचे निदान करावे लागते. नेहमीचा भाग ध्वनिमुद्रित करून तो ड्रम, बास आणि गायनासह ऐकावा. एकटा ऐकू नये. गिटार मागे पडते का? मग मधली पट्टी कमी आहे. ती गायकाच्या अंगावर येते का? मग ती जास्त आहे. आवाज दाट आहे, पण कोणता स्वर छेडला ते कळत नाही? मग स्वच्छ, कमी फाटणारा थर हवा. सूर स्पष्ट आहेत, पण आवाज पातळ वाटतो? मग मधल्या-खालच्या पट्टीत भर हवी.

या निदानावरून जोड्या सुचतात. फेंडर कुळातला स्वच्छ ॲम्प असेल, तर मार्शल कुळातला ॲम्प मधला खड्डा भरून काढतो. मार्शल कुळातला असेल, तर व्हॉक्स कुळातला त्याला वरची धार देतो. अधिक गेनचा आधुनिक ॲम्प असेल, तर त्याच्याखाली जवळपास स्वच्छ असा दुसरा थर ठेवल्यास तारेवरचा आघात पुन्हा ऐकू येतो. पहिला ॲम्प बंद पाठीच्या मोठ्या खोक्याचा असेल, तर दुसरा उघड्या पाठीचा, एकाच स्पीकरचा लहान कॉम्बो घेऊन पाहावा. दोन ॲम्पची नावे वेगळी, पण व्हॉल्व्ह, स्पीकर आणि खोका सारखे, असे असेल तर फरक वाटतो त्यापेक्षा कमी पडतो.

अधिक वॉट म्हणजे अधिक मोठा आवाज?

ध्वनिमुद्रणात नाही. माइक स्पीकरपासून काही सेंटीमीटरवर असतो. त्याला खोली भरून टाकणाऱ्या आवाजाची गरज नसते. ‘लेड झेपलिन’चा १९६९ मधील पहिला अल्बम भारदस्त गिटारसाठी ओळखला जातो. त्यात जिमी पेज यांनी लहानसा ‘सुप्रो’ ॲम्प वापरला होता. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणासाठी जेमतेम पाच वॉटच्या आसपासचा ‘फेंडर चॅम्प’ हाताशी धरला. लहान ॲम्प कमी आवाजातच पूर्ण ताकदीने काम करू लागतो, त्याच्या व्हॉल्व्ह आणि स्पीकर तापतात आणि माइकला तो भरलेला आवाज मिळतो.

आकड्यांत सांगायचे तर ५० वॉट आणि ५ वॉट यांत फरक फक्त १० डेसिबलचा. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, दहापट नव्हे. दुसरीकडे गिटारचे अनेक स्पीकर केवळ एका वॉटवर एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल आवाज देतात. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत शंभर वॉटचा दुसरा ॲम्प घेऊन तो कायम एकवर ठेवण्यात अर्थ नाही.

व्हॉल्व्हचा ॲम्प गुपचूप वापरायचा असेल, तर स्पीकरऐवजी लोड बॉक्स जोडतात. तो ॲम्पची ताकद स्वतः शोषून घेतो आणि संगणकाला संकेत देतो. मात्र स्पीकर किंवा लोड बॉक्स यांपैकी काहीही न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प कधीही सुरू करू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि ती दुरुस्ती महाग पडते.

दोन ॲम्प एकत्र लावल्यावर आवाज बारीक का होतो?

अनेकांचा पहिला अनुभव निराशेचा असतो. दोन्ही ॲम्प स्वतंत्रपणे उत्तम वाजतात; एकत्र केले, की आवाज पोकळ होतो. दोष ॲम्पचा नसतो, फेजचा असतो. दोन लाटांचे उंचवटे एकाच वेळी आले, तर त्या एकमेकींना बळ देतात. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र आला, तर त्या एकमेकींना खोडतात.

ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. एका ॲम्पचा माइक दुसऱ्यापेक्षा तेवढा मागे असेल, तर ५०० हर्ट्झ, मग १,५००, मग २,५०० अशा ठिकाणी आवाज खोडला जातो. गिटारचा गाभा नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणून दोन्ही माइक आपापल्या स्पीकरपासून समान अंतरावर ठेवणे ही पहिली पायरी.

दुसरे कारण सर्किटमध्ये असते. काही ॲम्प आत आलेली लाट उलटी करून बाहेर देतात. फेंडरच्या रिव्हर्ब असलेल्या अनेक जुन्या ॲम्पमध्ये तर एकाच ॲम्पची दोन चॅनेल परस्परविरुद्ध असतात. यावर उपाय सोपा आहे. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाट उलटी करण्याचे बटण असते. दोन्ही ट्रॅक मध्यभागी ठेवून ते दाबावे आणि ज्या स्थितीत खालचा आवाज भरदार लागेल, ती ठेवावी.

तिसरे कारण अलीकडचे. एक थर खऱ्या ॲम्पचा आणि दुसरा डिजिटल असेल, तर डिजिटल थर प्रक्रियेमुळे काही मिलिसेकंद उशिरा येतो. सुरुवातीला तारेवर एकच ठोका देऊन तो ध्वनिमुद्रित करावा आणि पडद्यावर दोन्ही लाटांचे आरंभ जुळवून घ्यावेत. हे न करता ॲम्पलाच नावे ठेवून तो विकून टाकणारेही आहेत.

घूं असा आवाज आणि विजेचा धोका

एका गिटारला दोन ॲम्प जोडले, की दोन्हींचे अर्थिंग गिटारच्या केबलमधून एकमेकांना भेटते आणि एक वेढा तयार होतो. त्यातून आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचा घूं असा आवाज येतो. त्यावर काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देतात. हा सल्ला जीवघेणा आहे. ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर अर्थिंग नसल्याने वीज गिटारच्या तारांत येते आणि तारा वादकाच्या हातात असतात. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा १९७२ मध्ये स्वान्सी येथे मंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्यांचा स्पर्श झाला होता.

योग्य उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर बसवलेला, दोन बाजू विद्युतदृष्ट्या अलग ठेवणारा ‘एबीवाय’ बॉक्स. दोन ॲम्प वापरायचे ठरवले, तर या बॉक्सचा खर्च खरेदीच्या अंदाजात आधीच धरावा. दोन्ही ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावल्यानेही घूं आवाज बऱ्याचदा कमी होतो.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून ॲम्प मागवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, जपानमधील १०० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची. ॲम्पच्या मागच्या पट्टीवर कोणता आकडा आहे, ते आधी पाहावे. केवळ पिन बदलणारा ॲडाप्टर व्होल्टेज बदलत नाही. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची क्षमता ठरवताना ॲम्पच्या आवाजाचे वॉट नव्हे, तर तो किती वीज ओढतो ते पाहायचे. २० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प भिंतीतून त्याच्या काही पट वीज घेतो.

गेन किती आणि मिक्स कसे?

दुसरा ॲम्प आला, की दोन्हींचे गेन वाढवण्याचा मोह होतो. डिस्टॉर्शन प्रत्येक स्वरासोबत नवे उपस्वर तयार करते आणि आवाजातील चढउतार दाबून टाकते. असे दोन थर एकत्र आले, की सगळीकडे सारखाच खरखरीत गिलावा होतो. म्हणून एकट्याने वाजवताना जेवढे गेन बरे वाटते, त्यापेक्षा ते दोन्ही ॲम्पवर कमी ठेवावे. बेरीज मिक्समध्ये होतेच.

दोन्ही थरांना समान पातळी देण्याचीही गरज नाही. एक मुख्य आणि दुसरा त्याखाली हळूच सरकवलेला, ही रचना जास्त वेळा जमते. दुसरा थर बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले, पण सुरू असताना तो वेगळा कानावर आला नाही, तर पातळी योग्य आहे. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग गिटारमधून कापून तो बास गिटारसाठी मोकळा सोडावा.

शेवटची परीक्षा मोबाइलच्या स्पीकरवर घ्यावी. डावी-उजवी बाजू एकत्र झाल्यावर गिटार नाहीशी होत असेल, तर फेज पुन्हा तपासायला हवी. आज अनेक श्रोते गाणे पहिल्यांदा तिथेच ऐकतात.

दुसरा ॲम्प न घेता भागते का?

बऱ्याचदा भागते आणि निदान खरेदीपूर्वी ते पडताळून पाहावे. सर्वात मोठा फरक अनेकदा स्पीकर आणि त्याच्या खोक्यामुळे पडतो. त्यामुळे आहे त्या ॲम्पला वेगळा खोका जोडणे हा स्वस्त पर्याय ठरू शकतो. त्याआधी माइक हलवून पाहावा. स्पीकरच्या केंद्रासमोर आवाज तीक्ष्ण, कडेला सरकवत नेल्यास मऊ होत जातो. काही सेंटीमीटरचा हा फरक कधीकधी नवीन ॲम्पइतका वाटतो. दुसऱ्या वादनासाठी गिटार किंवा पिकअप बदलल्यानेही थर वेगळा होतो.

सॉफ्टवेअरमधील ॲम्प हा दुसरा मार्ग. त्यांतील काही मोफत मिळतात. मुख्य थर खऱ्या ॲम्पचा आणि पूरक थर सॉफ्टवेअरचा, ही जोडी चांगली जमते. सॉफ्टवेअरचा आणखी एक उपयोग म्हणजे चाचणी. आपल्या ध्वनिमुद्रणाखाली फेंडर, मार्शल, व्हॉक्स कुळातील नमुने एकेक करून लावले, तर कोणते कूळ पूरक आहे ते पैसे खर्च करण्यापूर्वीच कळते.

तिसरा मार्ग ‘री-ॲम्प’चा. गिटारचा कोरा संकेत आधी संगणकात साठवायचा आणि तो नंतर री-ॲम्प बॉक्समधून हव्या त्या ॲम्पला द्यायचा. यात वादन घरी, रात्री, आवाज न करता होते. मुंबई-पुण्यात सरावासाठी तासावर मिळणाऱ्या जॅमरूममध्ये वेगवेगळे ॲम्प असतात. मालकाशी आधी बोलून, लॅपटॉप, री-ॲम्प बॉक्स आणि माइक घेऊन दोन तासांत दुसरा थर उरकता येतो. एकावेळी एकच ॲम्प सुरू असल्याने अर्थिंगचा वेढाही तयार होत नाही.

खरेदीला जाताना काय लक्षात ठेवावे?

ॲम्प दुकानात एकटाच ऐकून निवडू नये. एकटा ऐकताना भरदार, सर्व पट्ट्यांनी युक्त ॲम्पच सरस वाटतो आणि थरांमध्ये तोच सगळ्यात जास्त जागा अडवतो. पहिल्या ॲम्पवर केलेले ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये सोबत न्यावे. ते हेडफोनच्या एका कानात सुरू ठेवून दुसऱ्या कानाने नवा ॲम्प ऐकावा. एकटा ऐकताना नाकात बोलणारा, पातळ, थोडा विचित्र वाटणारा लहान ॲम्प या कसोटीवर अचानक पुढे येऊ शकतो.

आपली गिटार, आपली केबल सोबत न्यावी. जुना ॲम्प घेत असाल तर तो किमान अर्धा तास सुरू ठेवून ऐकावा. व्हॉल्व्ह तापल्यावरच अनेक दोष बोलू लागतात. प्रत्येक बटण फिरवताना खरखर येते का, पाठीमागे तीन पिनी प्लग शाबूत आहे का, स्पीकरचा कागद फाटला आहे का, हे पाहावे. त्या कंपनीचे ॲम्प दुरुस्त करणारा कारागीर आपल्या शहरात आहे का, याचीही चौकशी करावी.

आणि दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे : पहिल्या ॲम्पला जे जमत नाही, त्यातले नेमके काय हा करतो? उत्तर ‘हाही चांगला वाजतो’ एवढेच असेल, तर पैसे खिशात ठेवून आधी तोच भाग पुन्हा एकदा वाजवून पाहिलेला बरा.